क्लिप आधी, पट्टी नंतर

छत्रपती संभाजीनगरहून पैठण रस्त्याने निघाले की शहरापासून चौदाव्या किलोमीटरच्या आसपास चितेगाव लागते. व्हिडिओकॉनच्या कागदपत्रांवर वर्षानुवर्षे छापला गेलेला पत्ता तो हाच. कारखानदारीमुळे या पट्ट्यात पाइप वेल्ड करणारे, पत्रा कापणारे, अ‍ॅल्युमिनियमचे सेक्शन जोडणारे कसलेले हात तयार झाले. आता त्याच हातांकडे शेतघरांच्या अंगणातली, बंगल्यांच्या गच्चीवरची, हॉटेलांच्या बागेतली डेकची कामे येतात. पुढे बिडकीनला ऑरिकची औद्योगिक वसाहत आहे, त्याच्या पुढे नाथसागर जलाशय. ही कामे कमी होणार नाहीत. सोपवताना ती देखणीही असतात. पुढच्या उन्हाळ्यात मात्र पट्टी पायाखाली वाजू लागते, कुठे टोके एकमेकांना भिडून उचलली जातात, आणि मग सगळे खापर पट्टी बनवणाऱ्यावर फुटते. आमच्या मते बहुतेक ठिकाणी पट्टी निर्दोष असते. ती कशाने धरायची, हा प्रश्नच वेळेवर कोणी विचारलेला नसतो.

सध्याची रीत अशी आहे. ग्राहक रंग पसंत करतो, डीलर चौरस फुटाचा भाव सांगतो आणि पट्ट्यांच्या गठ्ठ्याबरोबर क्लिपची पिशवी येते. क्लिप किती, कशाच्या, केवढ्या जाडीच्या, हे पिशवी उघडल्यावर कळते. तोवर खालची फ्रेम वेल्ड होऊन तिला रंगाचा हातही मारून झालेला असतो. साधा हिशेब करू. पट्टी १४० मिमी रुंद, फट ६ मिमी. कड्या ३०० मिमी अंतरावर असतील तर १०० चौरस फुटांना साधारण २१० क्लिप लागतात, ३५० मिमीवर असतील तर १८०. पिशवीत १५० निघाल्या की मधल्या कड्या क्लिपविना राहतात. पुढच्या कामाला ‘तेवढ्यातच बसवू’ म्हणत कडीच सव्वाचारशे मिमीवर जाते. पोकळ पट्टी एवढ्या अंतरावर उन्हात मऊ पडली की पायाखाली दबणारच. क्लिपचा आकडा फ्रेमच्या आधी कागदावर यायला हवा तो यासाठी.

याहून मोठा प्रश्न आहे पट्टी कोणत्या दिशेला हलते हा. लाकूड रुंदीत हलते, लांबीत जवळजवळ नाही. डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाची पट्टी, नेमकी उलट, उन्हाने लांबीत वाढते. एकच क्लिप दोन्हींना चालते असे सांगणारा विक्रेता भेटला, तर त्याला एवढेच विचारावे की ही क्लिप पट्टीला कोणत्या बाजूला सरकू देते.

डब्ल्यूपीसीचे आधी बघू. आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. मे महिन्यात भर दुपारी गडद तपकिरी पट्टीचा पृष्ठभाग साठ अंशांच्या पुढे जातो, अनवाणी उभे राहवत नाही. म्हणजे पन्नास अंशांचा फरक. पॉलिइथिलीनवर बनवलेल्या पट्टीचा प्रसरणांक धरला तर २.९ मीटरची पट्टी एवढ्या फरकाने साधारण साडेसहा मिमी लांब होते. दोन सूत. डिसेंबरच्या सकाळी टोकाला टोक लावून, मध्ये जेमतेम सूतभर जागा सोडून बसवलेल्या दोन पट्ट्या मे महिन्यात काय करतील, ते वेगळे सांगायला नको. उलट मे महिन्यात दुपारी काम केले तर टोके जवळ घेऊन चालते, पण थंडीत फट दोन सुतांची दिसणार हे ग्राहकाला त्याच दिवशी सांगून टाकावे.

म्हणून डब्ल्यूपीसीला खाचेत बसणारी, पट्टीला लांबीत सरकू देणारी क्लिप हवी. तरी एक जागा घट्ट लागतेच. प्रत्येक पट्टी मधल्या एका कडीवर खाचेच्या खालच्या ओठातून एका स्क्रूने पक्की करायची, बाकी सगळीकडे मोकळी ठेवायची. म्हणजे ती मधोमधून दोन्हीकडे सारखी वाढते. हा एक स्क्रू गाळला की पट्ट्या चालू लागतात. दिवसा पसरतात, रात्री आखडतात, पण मूळ जागी परत येत नाहीत. वर्षभराने डेकच्या एका कडेला बोटभर फट आणि दुसऱ्या कडेला भिंतीला टेकलेली टोके, हे दृश्य अनेकांनी पाहिले असेल. सगळ्या क्लिप करकचून आवळण्याची खोड तर त्याहून वाईट. पॉवर ड्रिलचा क्लच पूर्ण चढवून मारलेला स्क्रू नायलॉनची क्लिप तडकवतो, आणि स्टीलची असेल तर खाचेचा पातळ ओठ तोडतो. पट्टी घेताना तिचे आडवे तोंड बघावे. खाचेखालचा ओठ नखाने दाबून लवत असेल तर ती पट्टी या कामाची नाही, कितीही स्वस्त असो.

सागवानाची गोष्ट वेगळी. स्पर्शरेषेत कापलेल्या, म्हणजे फ्लॅट-सॉन, सागवानी फळीची रुंदी ओलाव्याच्या दर टक्क्याला साधारण ०.१९ टक्का बदलते. १२० मिमी फळी उन्हाळ्यात आठ टक्क्यांवर असेल आणि श्रावणात चौदावर गेली, तर ती सुमारे १.३ मिमी फुगते. एका फळीला हे काहीच नाही. तीस फळ्यांच्या डेकला ते चार सेंटिमीटर होतात. सागवान इतर लाकडांच्या मानाने शांत असते, तरीही एवढे. रेडिअल कापाच्या फळीत हीच हालचाल निम्म्याच्या जवळ येते, म्हणून मिळत असेल तर तीच घ्यावी.

ठरावीक फटीची टी-क्लिप इथे अडचणीची ठरते, कारण तिला ऋतू कळत नाही. मे महिन्यात काम करणाऱ्याच्या हातात फळी सगळ्यात अरुंद असते, तेव्हा फट थोडी जास्त सोडायला हवी. ऑगस्टमध्ये ती सगळ्यात रुंद असते, तेव्हा कमी. कारखान्यात बनलेली क्लिप बाराही महिने एकच फट देते. लाकडासाठी लवचीक पायाची क्लिप घ्या किंवा वेगवेगळ्या जाडीच्या ठोकळ्या ठेवून फट आपण ठरवा. आयएस २८७ या मानकाने हवेतल्या आर्द्रतेप्रमाणे देशाचे चार विभाग पाडून लाकडात किती ओलावा चालेल ते सांगितले आहे. पण आपल्यातल्या किती जणांच्या पेटीत पिनवाला मॉइश्चर मीटर असतो? राऊटर असतो, लेझर लेव्हल असते, आणि फळी ओली की सुकी हे मात्र अजून थाप मारून ठरते.

राऊटरवरून एक. सागवानी फळीला खाच आपण स्वतः पाडतो, तेव्हा ती मधोमध पाडायचा मोह होतो. १९-२० मिमी फळीत मधली खाच काढली की वरचा ओठ इतका पातळ राहतो की खुर्चीचा पाय आपटला तरी ढलपी उडते. खाच थोडी खाली न्यावी आणि फळी निदान २५ मिमी घ्यावी. तेवढी मिळत नसेल तर लपवाछपवीचा नाद सोडावा. वरून स्टेनलेस स्क्रू मारून त्याच सागाचे बूच बसवले, बुचाचे रेषे फळीच्या रेषांना लावून घेतले, की दहा फुटांवरून कोणाला दिसत नाही आणि फळी हलत नाही. बूच कापायचा प्लग कटर फार महाग नाही.

लपवण्याची हौस आपल्या जिल्ह्याला जुनीच म्हणायची. वेरूळच्या दहाव्या लेण्याला लोक ‘सुतार की झोपडी’ म्हणतात, कारण छताला दगडातच लाकडी फासळ्या कोरल्या आहेत. सुतार मंडळी तिथल्या मूर्तीला विश्वकर्मा मानत आली. त्या फासळ्या कसलाही भार उचलत नाहीत, पण दगडी डोंगराला ते माफ आहे. आपल्या क्लिपला मात्र वाकू पाहणारी पट्टी दाबून धरायची असते.

आता स्टील. बाजारात ‘एसएस’ म्हणून जे विकले जाते त्यात ३०४ असते, २०२ असते आणि ४१०ही असते. दुकानात चुंबक लावून बघण्याची पद्धत आहे. चुंबकाने ४१० पकडले जाते, कारण ते चिकटते. पण २०२ आणि ३०४ दोन्ही चिकटत नाहीत, त्यामुळे चुंबकाची परीक्षा पास झालेली क्लिपही २०२ची असू शकते. २०२मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त. आतल्या कामाला ते ठीक, पण पावसात भिजणाऱ्या, खाली धूळ-चिखल साचणाऱ्या क्लिपला नाही. बॅटरीवर चालणारे तपासणीचे द्रावण मिळते, त्याचा एक थेंब टाकून मँगनीजचा रंग दिसतो. बिलावर ग्रेड लिहून मागणे त्याहून सोपे. लिहून देत नसेल तर दुकान बदला. अलिबाग-दापोलीकडे कामे घेणाऱ्यांनी ३०४वरही थांबू नये. खाऱ्या हवेला २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असलेले ३१६च लागते.

आणि एवढे करून क्लिप ३०४ची घेतली, तर तिच्यात मारायला स्क्रू कोणता? चितेगावच्या बाजूला फ्रेम बहुधा एमएस बॉक्स पाइपची असते. त्यात घुसणारा सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू ४१०चा किंवा नुसता झिंकचा असतो, आणि दुसऱ्या पावसाळ्यात त्याच्या डोक्याभोवती तपकिरी ओघळ दिसू लागतो. त्यापेक्षा बाय-मेटल स्क्रू घ्यावा, अंग ३०४चे आणि टोक पोलादाचे. पाइपला पडलेले प्रत्येक भोक म्हणजे रंगाचा फाटलेला पापुद्रा आहे, पाइप आतून गंजायला तिथूनच सुरुवात होते. एमएसऐवजी जीआय किंवा अ‍ॅल्युमिनियमचा सेक्शन, आणि कडीच्या वरच्या तोंडावर ब्यूटाइल टेपची पट्टी. टेप स्क्रूभोवती चिकटून बसते, आणि पट्टी कडीवर वाजतही नाही. ‘वाजते’ ही निम्मी तक्रार तिथेच मिटते.

परदेशी कंपन्यांच्या माहितीपत्रकांत खालून ब्रॅकेट लावून पट्टी पकडायची पद्धत असते. ती दिसायला निर्दोष आहे, पण तिथले डेक जमिनीपासून उंच असतात आणि खाली माणूस सरकून जातो. आपले डेक गच्चीच्या स्लॅबवर, वॉटरप्रूफिंगच्या वर, जेमतेम अडीच-तीन इंच उंचीवर असतात. खाली हातही जात नाही. ही पद्धत आपल्याकडे जवळपास बाद समजावी. वॉटरप्रूफिंगला भोक पाडायचे नसल्याने फ्रेम पेडेस्टलवर सुटी बसते, म्हणजे क्लिपवरचा ताण वाढतो, हेही लक्षात ठेवावे.

खाचेच्या क्लिपचा खरा तोटा डेक उघडताना कळतो. पट्ट्या एकीत एक अडकलेल्या असतात. सातवी पट्टी काढायची तर कडेपासून सुरुवात करून आधीच्या सहा काढाव्या लागतात. आता गच्चीचा आउटलेट नेमका त्या सातव्या पट्टीखाली असेल तर? जूनच्या पहिल्या वळवात कडुनिंबाची पाने आउटलेटवर बसतात, पाणी डेकखाली तुंबते, आणि घरमालकाचा नोकर पहार घालून पट्टी उचकटतो. दोन खाचा तुटतात, चार क्लिप वाकतात, आणि फोन आपल्याला येतो. आउटलेटच्या वरच्या दोन-तीन पट्ट्या, तसेच दिव्याच्या ट्रान्सफॉर्मरवरची एक, क्लिपशिवाय वरून स्क्रूने बसवाव्यात. ते स्क्रू दिसतात याची लाज वाटायचे कारण नाही. ग्राहकाला आधी दाखवून, त्या पट्ट्या नकाशावर खूण करून द्याव्यात. काम सोपवताना त्याच नकाशाबरोबर दहा-पंधरा जादा क्लिप, योग्य मापाचा बिट आणि एक जादा पट्टी ठेवून यावी. पाच वर्षांनी तीच खाच, तीच जाडी, तोच रंग बाजारात मिळेल याची खात्री कोणताही डीलर देत नाही.