दुबईचे पोलिस आणि परभणीचा कॅमेरा

भारतात फोन केला की हटकून एक वाक्य ऐकू येतं. "तुमच्याकडे बरंय बुवा, पोलिस म्हणजे पोलिस!" मग लँबोर्गिनीचा विषय निघतो. (दुबई पोलिसांनी ती २०१३ साली ताफ्यात घेतली. तिचा फोटो आमच्या नात्यातल्या प्रत्येक ग्रुपवर किमान चारदा फिरून झालाय.) आणि शेवटी ठरलेला सुस्कारा: आपल्याकडे असे पोलिस हवेत.

इतकी वर्षं मी हे नुसतं "हं, हं" करत ऐकून घेतलं. पण मला ते अजिबात पटत नाही.

कौतुकाचा भाग आधी उरकतो, कारण तो खरा आहे. मी राहतो अल बर्शात, मॉल ऑफ द एमिरेट्सच्या मागच्या बाजूला. पार्किंगमध्ये कुणी गाडी घासून गेलं तरी पोलिसांच्या रिपोर्टशिवाय गॅरेजवाला गाडीला हात लावत नाही, त्यामुळे सरळमार्गी माणसाचाही पोलिसांशी संबंध येतोच. तो येतो तेव्हा त्रास होत नाही. "साहेब जेवायला गेलेत" नाही, चहापाणी नाही, हद्दीचा वाद नाही. बरीच कामं आता फोनवरच्या अ‍ॅपवर होतात. २०१७ मध्ये तर काउंटरवर एकही पोलिस नसलेलं पोलिस स्टेशन इथे सुरू झालं. आपल्याकडे साधी मोबाइल चोरीची तक्रार "हरवला असं लिहा" म्हणून बदलून घेतात, हे आठवलं की इथलं सगळं स्वर्गासारखं वाटणार, त्यात नवल नाही.

पण मंडळी, ही झाली सेवा. बँकेत, विमानतळावर मिळते तशी. पोलिसानं चूक केली, तर त्याला जाब कोण विचारणार, हा प्रश्न वेगळाच आहे.

जानेवारी २०१० मध्ये इथल्या एका हॉटेलात हमासचा महमूद अल मबहूह याचा खून झाला. महिन्याभरात पोलिसप्रमुख दाही खल्फान तमीम यांनी पत्रकार परिषद घेऊन कॅमेऱ्यांचं चित्रीकरण जोडून जगाला दाखवलं. विमानतळ, लिफ्ट, टेनिसच्या रॅकेटी घेऊन फिरणारे संशयित, सगळं. जग थक्क झालं, मीही झालो. मात्र ते चित्रीकरण दुसऱ्यांच्या गुन्ह्याचं होतं आणि ते दाखवायचं पोलिसांनी ठरवलं म्हणून दिसलं. ठरवलं नसतं तर मागायचं कुणाकडे? आपल्यासारखा माहिती अधिकाराचा कायदा इथे नाही, गृहमंत्र्याला धारेवर धरणारा विरोधी पक्ष नाही, आणि इंटरनेटवर काय लिहावं याचा २०२१ चा कायदा चांगलाच कडक आहे. हा परिच्छेद मी तीनदा वाचून, दोन वाक्यं खोडून मग टाकतोय. काय ते समजा.

असो. पाहुण्यानं यजमानाच्या घरावर किती बोलावं? माझं भांडण घरच्यांशी आहे, म्हणजे तुमच्याशी. तुमच्याकडे जाब विचारायची साधनं आहेत, आणि तुम्ही मागताय काय, तर लँबोर्गिनी!

ख्वाजा युनूस हे नाव किती जणांना आठवतं? परभणीचा सॉफ्टवेअर इंजिनीअर. माझ्यासारखाच आखातात नोकरीला. डिसेंबर २००२ च्या घाटकोपर बॉम्बस्फोटाच्या प्रकरणात त्याला अटक झाली. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितलं, औरंगाबादला नेताना पारनेरजवळ जीपला अपघात झाला आणि तो पळाला. सहआरोपीनं कोर्टात सांगितलं, घाटकोपरच्या कोठडीत त्याला पट्ट्यानं मारलं, तो रक्त ओकत होता. युनूस पुन्हा कुणाला दिसला नाही. २००५ मध्ये त्या खटल्यातले बाकीचे आरोपी निर्दोष सुटले. सीआयडीनं चौदा पोलिसांवर ठपका ठेवला, सरकारनं खटल्याला परवानगी दिली चौघांपुरती. त्यातले एक सचिन वाझे. २००४ मध्ये निलंबित झालेले वाझे जून २०२० मध्ये, खटला संपलेला नसताना, पुन्हा खात्यात आले. पुढचं तुम्ही टीव्हीवर पाहिलंच. मुलाच्या आईला मिळाली उच्च न्यायालयानं २०१२ मध्ये ठरवलेली वीस लाखांची भरपाई.

तेव्हा कॅमेरे नव्हते, असं म्हणाल. बरं. २ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला: प्रत्येक पोलिस ठाण्यात, लॉकअपपासून इन्स्पेक्टरच्या खोलीपर्यंत कॅमेरे लावा, आवाजासकट, आणि चित्रीकरण शक्यतो अठरा महिने, निदान वर्षभर तरी ठेवा.

आता त्याच परभणीत डिसेंबर २०२४. संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर झालेल्या हिंसाचारात सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याला अटक झाली. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात अनेक जखमांचा धक्का हे कारण आलं. मुख्यमंत्र्यांनी नागपूर अधिवेशनात सांगितलं की सीसीटीव्हीत मारहाण दिसत नाही. पोलिसांवर गुन्हा नोंदवा हा आदेश मिळवायला त्याच्या आईला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जावं लागलं. तो आला जुलै २०२५ मध्ये. त्याच्याविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि तिथे हरलं.

म्हणजे कॅमेरा होता. पण त्यात काय दिसतं हे सांगणार कोण, तर ज्यांच्यावर आरोप त्यांचंच सरकार. इथे दुबईत मी हे समजू शकतो, इथे मी मतदार नाही. तुम्ही आहात ना?

आणि कोर्टकचेरीच हवी असं नाही. माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप. आपल्या भागातल्या ठाण्याला विचारा: कॅमेरे किती, आज चालू किती, बंद असतील तर कोणत्या तारखेपासून, आणि रेकॉर्डिंग किती दिवसांचं शिल्लक आहे. चित्रीकरण नाकारतील कदाचित, पण हे आकडे नाकारायला त्यांना कारण शोधावं लागेल. मी माझ्या गावच्या ठाण्यासाठी अर्ज लिहून ठेवलाय. तुमच्या ठाण्याचं उत्तर आलं तर मला जरूर कळवा, "तुमच्याकडे बरंय बुवा" नंतर बोलू.