चित्राचा पत्ता आणि पाठाचा पुरावा

पाठचिकित्सेत हस्तलिखिताच्या पत्राचे छायाचित्र ही सजावट नसते. तो पुरावा असतो. एकनाथांनी शके १५०६ (इ.स. १५८४) मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हापासून कोणता पाठ कोणत्या प्रतीतला, हा प्रश्न मराठी अभ्यासाच्या केंद्राशी आहे. सांकेतिक लिपीत लिहिलेल्या महानुभावीय पोथ्यांच्या बाबतीत तर लिप्यंतराशेजारी मूळ पत्र दाखविल्याशिवाय वाचनाची पडताळणीच होऊ शकत नाही. असे असूनही प्रबंध संगणकावर सिद्ध होत असताना ही छायाचित्रे कोठे ठेवली जातात, याचा विचार मराठी विभागांत क्वचितच होतो. हे काम टंकलेखकाचे मानले जाते. ही समजूत तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

प्रबंधाच्या फाइलमध्ये चित्र दोन प्रकारे येते. एक तर ते तिच्यातच सामावले जाते, किंवा त्याचा केवळ पत्ता, म्हणजे संगणकाच्या परिभाषेतील ‘पाथ’, नोंदविला जातो. वर्डमध्ये दोन्ही पर्याय आहेत. मराठी ग्रंथनिर्मितीत दीर्घकाळ वावरलेल्या पेजमेकरमध्ये जोडणी तुटली, तरी पडद्यावर चित्र दिसत राही. छापताना मात्र ते धूसर उमटे. पत्त्याचेही दोन प्रकार आहेत. अमुक यंत्रातील अमुक ड्राइव्ह असा संपूर्ण पत्ता म्हणजे ‘माझ्या घरी, माडीवरच्या कपाटात’ असा निर्देश होय. घर बदलले की तो व्यर्थ. सापेक्ष पत्ता म्हणजे ‘याच ग्रंथाचे दुसरे परिशिष्ट पाहा’ असा निर्देश. ग्रंथ कोठेही नेला तरी तो टिकतो.

हरवलेले चित्र निदान आपली अनुपस्थिती कबूल करते. खरा धोका चुकीच्या चित्राचा आहे. विज्ञान विद्याशाखांत रुळलेल्या आणि देवनागरीसाठीही वापरता येणाऱ्या लॅटेक प्रणालीत चित्रांच्या अनेक फोल्डरांची यादी देता येते. प्रणाली त्या क्रमाने शोध घेते आणि त्या नावाची पहिली फाइल सापडताच ती वापरते. दोन प्रतींच्या दोन फोल्डरांत ‘पान १’ याच नावाची छायाचित्रे असतील, तर एका प्रतीच्या पाठाखाली दुसऱ्या प्रतीचे पत्र निमूटपणे छापले जाईल. कोणतीही सूचना मिळणार नाही. पाठभेदाच्या अभ्यासात याहून मोठा प्रमाद कोणता?

देवनागरी नावांची अडचण याहून सूक्ष्म आहे. ‘वऱ्हाड’ या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी टंकित होतो. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात. यंत्राला ती भिन्न नावे वाटतात. फाइल समोर असूनही ‘सापडत नाही’ असे उत्तर येते, ते अशा कारणांनी.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमावलीने पीएच.डी. प्रबंधाची संगणकीय प्रत सादर करणे आवश्यक केले. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या ‘शोधगंगा’वर अशा प्रती ठेवल्या जातात. अंतिम पीडीएफमध्ये जे चित्र बसले, तेच पुढील अभ्यासकापर्यंत पोहोचते. चूकही त्याच्याबरोबर गोठते.

म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठासह सर्वच विद्यापीठांच्या मराठी विभागांनी चित्रांचे व्यवस्थापन संशोधनपद्धतीच्या अध्यापनात समाविष्ट करावे. नियम थोडेच आहेत. प्रबंध व चित्रे एकाच मुख्य फोल्डरमध्ये असावीत आणि पत्ते सापेक्ष असावेत. प्रत्येक नावात प्रतीचे चिन्ह, पत्रांक आणि बाजू यावी. नाव रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता लिहावे. सादर करण्यापूर्वी तो फोल्डर दुसऱ्या संगणकावर उघडून प्रत्येक चित्र मूळ प्रतीशी ताडून पाहावे.

हे यंत्रशरण होणे आहे, असा आक्षेप घेतला जाईल. वास्तविक प्रतीला चिन्ह देणे, पत्रांक नोंदविणे आणि ताडून पाहणे ही पाठचिकित्सेचीच शिस्त आहे. तळटीपेत चुकीचा पृष्ठांक देणारा संशोधक त्याची जबाबदारी मुद्रकावर ढकलू शकत नाही. चित्राच्या पत्त्याला वेगळा न्याय लावण्याचे कारण नाही.