चकतीचा फोन आणि मोठ्यांचा हशा

जुना चकतीचा फोन मुलापुढे ठेवायचा, त्याने भोकात बोट दाबून पाहिलं की हसायचं आणि तो व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचा, हा खेळ आता सर्रास चालतो. वर निकालही ठरलेला असतो : आजच्या पोरांना काही येत नाही. हा निकाल मला साफ नामंजूर आहे.

त्या मुलाने आजवर पाहिलेल्या प्रत्येक फोनवर आकडा दाबला की लागतो. म्हणून त्याने आधी दाबून पाहिलं. अनुभवावरून अंदाज बांधला आणि तो लगेच तपासला. यात अज्ञान कुठे आलं? शिवाय ही यंत्रं घरातून घालवली कोणी? चकतीचे फोन आपणच भंगारात दिले. तारसेवा १५ जुलै २०१३ रोजी बंद झाली. त्यानंतर जन्मलेल्या मुलाला तार ठाऊक असावी, हा हट्ट कसला?

'आम्हाला मात्र आजोबांच्या काळातलं सगळं माहीत होतं,' असं काही जण सांगतात. मग घरच्या ट्रंकेतलं मोडीतलं खरेदीखत त्यांनी वाचून दाखवावं. १९५७ साली दशमान नाणी आली, आणे-पै गेले, हळूहळू पावकी-निमकीही गेली. ती पाठ नाही म्हणून आपण अडाणी ठरलो नाही.

या तक्रारीत एक गोष्ट मात्र खरी आहे आणि ती मी मनापासून मान्य करतो. जुनी यंत्रं आपलं काम डोळ्यांदेखत करत. मोबाइल उघडला तरी आत काही चालताना दिसत नाही. चकतीच्या फोनचं तसं नाही. चकती अडेपर्यंत फिरवून सोडली की स्प्रिंगच्या जोरावर ती परत येते, आणि येताना तारेतला प्रवाह पाचाला पाच वेळा तोडते, शून्याला दहा वेळा. एक्स्चेंज तेवढंच मोजतं. तुम्ही चकती घाईने फिरवा नाहीतर सावकाश, परतीचा वेग एकच राहतो, कारण आत वेग आवरणारा गव्हर्नर बसवलेला असतो. चकतीला कुलूप असलं तर रिसीव्हर ठेवायची खुंटी त्याच तालात टकटक दाबून नंबर लावणारी पोरं त्या काळी होतीच. त्यांना ते कोणी शिकवलं नव्हतं. फोन हाताळायला मिळाला म्हणून ते सुचलं.

माझं म्हणणं एवढंच की, आजच्या मुलालाही तो तसाच हाताळायला द्यावा. फोन बंदच पडलेला आहे, मोडेल म्हणून धास्ती नको. खालचे स्क्रू त्यालाच काढू द्या, झाकण उचलू द्या, चकती परत येताना कोणता पत्रा कुठे टेकतो आणि कुठे सुटतो ते बघू द्या. नऊ फिरवल्यावर टकटक किती वेळा झाली, हे त्याला आधी मोजू द्या. उत्तर आपण सांगायची घाई नको.