गाडीचा आवाज, शेजाऱ्याची झोप

उल्हासनगर हे मुळात दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेल्या कल्याण छावणीचे रूप. फाळणीनंतर तेथे निर्वासित कुटुंबे आली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी वसाहतीला हे नाव मिळाले. आज कॅम्प ४ मध्ये घराला घर लागून आहे. एका घरातला खोकला दुसऱ्या घरात ऐकू येतो. मग गाडीचा आवाज खासगी कसा राहणार?

तेथील एका गृहस्थांनी वडिलांची जुनी स्टँडर्ड हेराल्ड जपून ठेवली आहे. ही गाडी १९६१ पासून मद्रासला तयार होऊ लागली. हिच्याच सांगाड्याची लांबी कमी करून ट्रायम्फने इंग्लंडमध्ये १९६२ साली स्पिटफायर ही दोन आसनी स्पोर्ट्स कार आणली. हेराल्डचा सायलेन्सर गंजून फुटला, तेव्हा शेजारच्या आजींनी पहाटे खिडकी लावून घ्यायला सुरुवात केली. तयार सायलेन्सर मिळेना. तो बनवून घ्यायचे ठरले.

गृहस्थांच्या चिरंजीवांची हौस निराळी होती. "मिस्त्री, नळी जाड टाका, आतली जाळी काढूनच टाका. स्पोर्ट्स कारसारखा आवाज आला पाहिजे."

वयस्कर मिस्त्री हसले. "बेटा, आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली असं नसतं."

त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेते, तेव्हा सेकंदाला १०० वेळा तप्त वायूचा झोत बाहेर पडतो. सायलेन्सरमधील छिद्रांची नळी आणि भोवतीची ग्लास वूल हा धक्का शोषून घेतात. नळी गरजेपेक्षा रुंद केली, तर वायूचा वेग मंदावतो आणि कमी फेऱ्यांवर गाडीची ओढ घटते. गंजाचे कारणही आतच असते: एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. गाडी रोज थोडेच अंतर चालली, तर नळी पुरेशी तापत नाही आणि ते पाणी आत साचते. म्हणून मिस्त्रींनी स्टेनलेस स्टील निवडले.

नळी गाडीखाली धरून केवळ टाके मारले. पूर्ण वेल्डिंग मात्र ती काढून, पेट्रोलच्या टाकीपासून दूर नेऊन केले. इंजिन हलते, म्हणून नळी रबरी हँगरवर टांगली. घट्ट आवळली असती तर सांधा तडकला असता. शेवटी प्रत्येक जोड तपासला, कारण गळतीतून गाडीत शिरणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

राहिला कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार आवाजाची मर्यादा मोडल्यास पहिल्या गुन्ह्यालाच तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय वाहन परवाना तीन महिन्यांसाठी जातो. हे ऐकून चिरंजीव गप्प झाले. जाळी आतच राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे वडील आणि मुलगा फेरफटका मारून आले. गाडीला धीरगंभीर, घोगरा सूर लाभला होता. संध्याकाळी आजी दारात भेटल्या.

"काय रे बाळा, तुमची गाडी अजून दुरुस्त व्हायचीच आहे का?"

त्यांची खिडकी उघडी होती.