फिरत्या शिक्षकावर भागणार नाही

'समुद्र' तोंडी बिनचूक सांगणारं मूल वहीत वारंवार 'सुमद्र' लिहितं, तेव्हा कोकणातल्या आचऱ्यात काय नि मुंबईत काय, त्याला 'ढ' ठरवायला वेळ लागत नाही. यामागे असू शकणारी अध्ययन अक्षमता २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केली. सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये प्राथमिकला अशा विशेष गरजांच्या दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, असं बजावलं. तरी समग्र शिक्षा अभियानाचा भर राहिला तो कंत्राटी, शाळा-शाळा फिरणाऱ्या शिक्षकांवर. वाचनाला रोजचा सराव लागतो. अधूनमधूनच्या भेटीने भरते ती नोंदवही. दहावीच्या परीक्षेतल्या सवलती तर फारच उशिरा येतात. कमी पटाच्या शाळेला पूर्णवेळ माणूस परवडत नाही, हा आक्षेप खराच. मग केंद्रशाळेत कायम पद भरा, जवळच्या तीन-चार शाळा त्या शिक्षकाकडे द्या. वर्गशिक्षकाच्या प्रशिक्षणावर भागेल म्हणणाऱ्यांनी दोन-दोन इयत्ता एकत्र सांभाळणाऱ्या गुरुजींचं वेळापत्रक पाहावं.