घरचं शिवण : एका माणसाला सहा मास्क



गेल्या पंधरवड्यात आलेल्या पत्रांत एक पत्र गडहिंग्लजकडच्या एका भगिनीचे आहे. नाव छापू नका असे तिने लिहिले आहे, म्हणून छापत नाही. तिच्या धाकट्या जावेला टी.बी. झाल्याचे निदान झाले आणि सरकारी दवाखान्यातून औषधे सुरू झाली. घरात दोन वर्षांचा मुलगा आहे, तोही त्या जावेचाच. सासूबाईंनी सुनेचे ताट-वाटी वेगळे केले आणि तिला मागच्या खोलीत झोपायला सांगितले. मूल दिवसभर आईसाठी रडते. पत्राच्या शेवटी ही भगिनी लिहिते, "ताई, माझ्याकडे पायमशीन आहे. दुसरे काही करता येत नाही, निदान चांगले मास्क तरी शिवून देईन म्हणते. कसे शिवू?"

पत्र वाचून मला माझीच २०२० सालची फजिती आठवली. आधी ती सांगते, म्हणजे तुमच्या हातून तशी होणार नाही.

त्या वर्षी मार्चच्या अखेरीला सगळे बंद झाले. घरगुती मास्क कसा करावा याची पुस्तिका केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने काढली आणि घरोघरी मशिनी सुरू झाल्या. बचत गटांच्या बायकांनी तर मास्कचे ढीग शिवले. मीही मागे राहिले नाही. यजमानांच्या शर्टांचे उरलेले टेरिकॉटचे तुकडे काढले आणि आठ दिवसांत चाळीस मास्क शिवून गल्लीत वाटले. प्रत्येकाला एक. केवढा तो अभिमान!

दहा-बारा दिवसांनी दारावर भाजीवाल्या मावशी आल्या. मी दिलेला मास्क तोंडावर होता, पण त्याचा रंग ओळखू येत नव्हता. इलॅस्टिक सैल पडून तो नाकाखाली घसरलेला. मी जरा रागानेच म्हटले, "मावशी, हा धुता की नाही?" त्या म्हणाल्या, "वैनी, तुमी येकच दिलासा. धुतला तर दिसभर काय बांधू?"

मला खाली बघावे लागले. कपडा दिला, टीप सरळ मारली, पण तो धुवायचा कधी आणि वाळायचा कधी हा विचारच केला नव्हता. बाळाला आपण एकच लंगोट शिवतो का? मग मास्क एक कसा पुरेल?

सकाळी एक, दुपारनंतर एक असे दिवसाला दोन लागतात. आपल्याकडे पावसाळ्यात जाड कापड दोन-दोन दिवस वाळत नाही. म्हणजे दोन अंगावर, दोन धुण्यात, दोन दोरीवर. एका माणसाला सहा. उन्हाळ्यात चार चालतील. एवढे शिवायचे नसतील तर शिवूच नका, असे मी आता स्पष्ट सांगते.

कापड कोणते?

कापडासाठी लांब जायला नको. आपल्या जिल्ह्यातल्या इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग बसला आणि आज ते गाव महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणून ओळखले जाते. पॉपलिन आणि केंब्रिक ही आपली घरचीच कापडे. गांधीनगरच्या बाजारात किंवा महाद्वार रोडवर सहज मिळतात.

कापड सुती आणि घट्ट विणीचे हवे. दुकानात तीन पदर करून उजेडाकडे धरा. पलीकडची खिडकी जाळीतून दिसावी तशी दिसली तर ते ठेवून द्या. टेरिकॉट आणि नायलॉन घामाने चिकटतात, श्वास कोंडतो. बनियनचे ताणणारे कापड ओढले की वीण उघडते. जुनी सुती साडी मऊ असते खरी, पण नेसून नेसून विरलेली नको. पदराकडचा भाग चांगला असेल तर आतल्या पदराला घ्या.

सहा मास्कना छत्तीस पन्ह्याचे पांढरे पॉपलिन दोन मीटर आणि एक सुती छापील ब्लाऊजपीस पुरतो. छापील पदर बाहेर, पांढरे दोन आत. यामुळे बाहेरची बाजू कोणती हे घाईतही चुकत नाही. कापायच्या आधी कापड रात्रभर पाण्यात भिजवा, खळ निघेपर्यंत धुवा, वाळवा आणि इस्त्री करा. नाहीतर पहिल्याच धुण्यात मास्क आटतो.

कापणी आणि शिवणी

एका मास्कचे माप असे :

छापील एक आणि पांढरे दोन असे तीन तुकडे, प्रत्येकी ९ इंच रुंद व ७ इंच उंच.
बाजूंना दोन पट्ट्या, दीड इंच रुंद व ५ इंच लांब.
बंदांच्या दोन पट्ट्या, दीड इंच रुंद व ४० इंच लांब.
नाकावर बसवायला ४ इंच बारीक, न गंजणारी तार.

१. तीन तुकडे एकावर एक ठेवून चारी बाजूंनी कडेलगत धावदोरा घाला. पदर सरकत नाहीत.

२. उंचीकडून अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या तीन चुण्या घाला. एकेक चुणी एक इंच कापड खाते, त्यामुळे सात इंचांचे चार इंच उरतात. बाहेरच्या बाजूने चुण्यांची तोंडे खाली हवीत. वर राहिली तर त्यांत धूळ साठते. टाचण्या लावून इस्त्री फिरवा.

३. दोन्ही बाजूंना पाच इंची पट्ट्यांचा गोट लावा आणि उरलेली टोके कापा. चुण्या इथे पक्क्या होतात, म्हणून टीप दोनदा मारा.

४. लांब पट्टीचा मध्य आणि मास्कच्या वरच्या कडेचा मध्य जुळवा. दोन्हीकडे साधारण पंधरा-पंधरा इंच बंद सुटतील. तारेची टोके पक्कडीने वळवून ती मधोमध पट्टीत ठेवा, पट्टी दुमडून या टोकापासून त्या टोकापर्यंत टीप मारा. तारेच्या दोन्ही अंगांना एकेक आडवी टीप घाला, म्हणजे ती सरकणार नाही.

५. खालच्या कडेलाही तशीच पट्टी लावा. तार नको.

इलॅस्टिक का नाही, असे विचाराल. गरम पाण्यात ते चार दिवसांत सैल पडते आणि कानामागे कातडी सोलवटते. झबल्याला लावतो तसे बंद असले की लहान-मोठ्या कोणत्याही चेहऱ्याला मास्क बसतो. वरचे बंद डोक्यामागे, खालचे मानेवर.

बसला की नाही?

शिवणाऱ्या बाईला टीप दिसते, फट दिसत नाही. शिकागो विद्यापीठ आणि आर्गोन प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी २०२० साली निरनिराळी कापडे तपासली. चांगल्या कापडाचीही गाळण्याची शक्ती कडेच्या फटीमुळे साठ टक्क्यांहून अधिक घटू शकते, असे त्यांना आढळले. म्हणून मास्क बांधून आरशासमोर उभ्या राहा. जोरात श्वास सोडा आणि गालांच्या कडेने तळहात फिरवा. वारा लागला तर बंद आवळा किंवा बाजूची चुणी खोल करा. चष्म्यावर वाफ आली तर तार नाकावर नीट दाबा. श्वास घेताना कापड किंचित आत ओढले जावे, ही ठीक बसल्याची खूण.

निम्मे काम धुण्यात

व्हिएतनाममधल्या हनोई शहरात चौदा रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांवर एक अभ्यास झाला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. कापडी मास्क वापरणाऱ्यांत आजार अधिक दिसला. पुढे २०२० साली त्याच आकड्यांची पुन्हा छाननी झाली, तेव्हा निराळीच गोष्ट कळली. ज्यांनी आपले मास्क स्वतः हाताने धुतले त्यांच्यात संसर्गाचा धोका, ज्यांचे मास्क रुग्णालयाच्या धोबीखान्यात धुतले गेले त्यांच्यापेक्षा सुमारे दुप्पट होता. धोबीखान्यातल्यांचा कापडी मास्क तर दवाखान्यातल्या मास्कच्या तोडीचा ठरला. कपडा तोच, धुणे वेगळे!

जागतिक आरोग्य संघटनेने साबण आणि साठ अंशांचे गरम पाणी सांगितले आहे, रोज निदान एकदा. हात घालवत नाही इतके पाणी म्हणा. ज्यांच्याकडे अजून सकाळी बंब पेटतो त्यांनी आंघोळी उरकल्यावर तेच कढत पाणी घ्यावे. नाहीतर साध्या पाण्याने साबण लावून धुवा आणि पातेल्यात मिनिटभर उकळा. उन्हात वाळवा, पाऊस असेल तर दमट मास्कवर कडक इस्त्री फिरवा. ओलसर मास्क कधीही बांधू नका. मिरची कांडपाला जाताना किंवा दिवाळीच्या झाडलोटीला जो बांधाल तो वेगळा ठेवा.

आता गडहिंग्लजच्या भगिनीसाठी

खरे ते सांगायला हवे. कापडी मास्क हा काही किल्ला नव्हे. बांगलादेशात २०२०-२१ साली सहाशे गावांत मोठी पाहणी झाली. तिथे दवाखान्यातल्या मास्कचा कोरोनाविरुद्ध उपयोग स्पष्ट दिसला, कापडी मास्कचा तितका स्पष्ट दिसला नाही. टी.बी.चे जंतू तर हवेत तरंगणाऱ्या अगदी बारीक कणांतून पसरतात. म्हणून घरातल्या निरोग्यांनी कापडी मास्क बांधला आणि निर्धास्त झालो, असे समजू नये.

मास्क बांधायचा तो पेशंटने. खोकताना तोंडातून उडणारे थेंब तिथल्या तिथे कापडात अडकतात, हा त्याचा उपयोग. औषधाच्या दुकानातला तीनपदरी मास्क रोज नवा परवडत असेल तर तो घ्या. नसेल तर वरच्या मापाने तुमच्या जाऊबाईंसाठी सहा शिवा. किती दिवस बांधायचा ते डॉक्टर सांगतील. औषध नियमित लागू पडले की सहसा काही आठवड्यांत दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता खूप कमी होते. पण औषध थांबवायचे नाही, साध्या टी.बी.लाही निदान सहा महिने लागतात. बरे वाटले म्हणून मध्येच सोडले तर आजार उलटतो.

मास्कपेक्षाही मोलाची गोष्ट म्हणजे वारा. मागची अंधारी खोली सर्वांत वाईट. जाऊबाईंना खिडकीची, उजेडाची खोली द्या, दारे-खिडक्या उघड्या ठेवा. मुलाची आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या, मुलाची सर्वांत आधी. लहानग्यांना लागण होऊ नये म्हणूनही औषध देतात, ते डॉक्टरांना विचारा. दोन वर्षांच्या बाळाच्या तोंडावर मात्र मास्क बांधायला जाऊ नका.

आणि ते वेगळे ताट! भगिनी, सासूबाईंना माझ्या वतीने हात जोडून सांगा, टी.बी. ताट-वाटीतून पसरत नाही. कपड्यांतून नाही, भाकरी थापण्यातून नाही. ताट वेगळे केल्याने घरात कुणाचे रक्षण होत नाही. एका आजारी मुलीचे जेवण तेवढे तुटते, आणि या आजारात पोटभर सकस जेवण हेही औषधच आहे. डॉक्टरांची परवानगी घेऊन संध्याकाळी तिला अंगणात बसवा. तोंडाला स्वच्छ मास्क असू दे, वारा वाहता असू दे आणि पोराला समोर खेळू दे. आई त्याच्या डोळ्यांसमोर राहील.

ब्लाऊजपीस निवडताना तिला विचारा, कोणता रंग हवा. सहाही मास्क तिच्या आवडीच्या कापडाचे शिवा. वाटले तर एखादा तुमच्यासाठीही त्याच कापडाचा काढा आणि तपासणीला तिच्याबरोबर दवाखान्यात जाल तेव्हा तो बांधा. बस स्टँडवर तिला एकटीला तोंड बांधून उभे राहावे लागणार नाही.

त्या भाजीवाल्या मावशींना मी नंतर आणखी पाच पॉपलिनचे शिवून दिले. महाराष्ट्रात मास्कची सक्ती २०२२ च्या गुढीपाडव्याला, २ एप्रिलला उठली. तरी परवा चटणीच्या दिवसांत त्या कांडपाच्या गिरणीत भेटल्या, तर तोंडाला माझाच मास्क. धुवून धुवून फिकट झालेला, पण स्वच्छ. म्हणाल्या, "वैनी, अजून दोन हैत घरात."

पुढच्या आठवड्यात उरलेल्या चिंध्यांची गोधडी. ब्लाऊजपीसचे तुकडे फेकू नका, जपून ठेवा.