उपकेंद्रावर कोण भेटतो?

मंडळी, पाणीअर्ज मंजूर झाला तरी पाटाला पाणी हवे. तसेच आरोग्य कार्डाचे. कार्ड आहे, डॉक्टर कुठे?

१९४६ साली भोर समितीने सुचवले, की देशात पदवीधर डॉक्टरच घडवावेत. हेतू चांगला. पण तेव्हा नोंदलेल्या डॉक्टरांत पदविकावाले ‘एल.एम.पी.’च जास्त! त्यांचे अभ्यासक्रम बंद झाले. पदवीधर बहुतेक शहरात रमले.

२०१८ पासून आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमू लागले. आपल्याकडे त्यांत बरेच बी.ए.एम.एस., सहा महिन्यांचे प्रशिक्षण घेतलेले. रक्तदाब, साखर त्यांच्याकडे जरूर तपासावी. सर्पदंश वा फवारणीची विषबाधा झाल्यास मात्र १०८ ला फोन करून थेट मोठे सरकारी रुग्णालय गाठावे.

तुमच्या उपकेंद्रातले पद भरले आहे का, हे येत्या ग्रामसभेत विचारा.